हळद लागलेल्या बेडकांच्या गावी

मुलांनो, आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला लागायला नको. या प्रवासात दोन वर्षांची एक मुलगी माझ्या भरवशावर सोडली होती आणि ती माझ्या हातून जाता जाता राहिली. ती सुखरूप आहे. हे लिहायला बसले तेव्हा मी पहिल्यांदा तेवढंच वाक्य लिहिलं, दोनदा वाचलं आणि मग उठून चहा केला.

आता मी तिकडे गेलेच कशाला ते ऐका. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. साताऱ्याकडच्या एका शाळेत मी सातवीला विज्ञान शिकवत होते. बेडकाचा धडा तर माझा हातखंडा. फळ्यावर अंडी, मग शेपटीची पिल्लं, मग पाय, मग शेपूट गायब, सगळं रंगीत खडूनं. त्या वर्षी पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "बाई, पावसात मोठा बेडूक हळदीसारखा पिवळा होतो म्हणे. तुम्ही पाहिलाय?"

मी पाहिला नव्हता. मी बेडूक पाहिला होता तो एक तर बरणीतला, नाही तर न्हाणीघरातला, आणि न्हाणीघरात कोण कोणाला जास्त घाबरलं ते इथे सांगत नाही. वर्गासमोर "नाही" म्हणताना माझे कान तापले. आमचे चित्रकलेचे सर मूळचे भंडाऱ्याचे. ते म्हणाले, "माझ्या मामांच्या गावी जा. आषाढात तिथे पिवळ्या बेडकांची पंगत बसलेली असते." मी हक्काची रजा टाकली, वही, पेन्सिली आणि काचेची एक मोठी बाटली पिशवीत भरली आणि निघाले. घरचे म्हणाले, बाईंचं डोकं फिरलं.

पहिला दिवस : कारध्याच्या पुढे

भंडाऱ्याला उतरून वैनगंगेचा पूल ओलांडला की कारधा लागतं. तिथे सरांचे मामा, डोमाजी, बैलबंडी घेऊन आले होते. साठीचे, सडपातळ, डोक्याला पंचा गुंडाळलेला. सर मामा म्हणत म्हणून मीही त्यांना मामाच म्हणू लागले. बंडी चालू लागल्यावर त्यांनी माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या बाटलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बेंडूकच पाह्याले आल्या?"

"हो मामा."

"एवढ्या दूरून? काहून, तिकडचे बेंडूक मेले काय?"

त्यांच्या डोळ्यांत हसू होतं, म्हणून मीही हसले.

दोन्ही बाजूंना पाणीच पाणी. आमच्याकडे शेत म्हटलं की ऊस नाही तर ज्वारी, नजर पोचेल तिथवर सरळ. इथे शेताचे लहान लहान चौकोन केलेले. अशा एका चौकोनाला बांधी म्हणतात, तिच्याभोवतीच्या मातीच्या बांधाला धुरा, आणि पाणी साठवायला शेताच्या डोक्याशी जो लहानसा तलाव असतो ती बोडी. धानाची रोपं आधी एका वाफ्यात दाट वाढवतात आणि मग उपटून बांधीत एकेक करून लावतात. कोकणात याला लावणी म्हणतात, इथे रोवणा. मी गेले तेव्हा रोवणा भरात होता. आठवडाभराच्या उघडिपीनंतर आदल्या दिवशीच पाऊस पडून गेला होता आणि गावात माणूस म्हणून घरी सापडत नव्हता.

घरी मामी होत्या, यमुनाबाई. त्यांची सून सुलोचना चिखलानं माखलेले पाय धूत होती. तिचा नवरा नाकाडोंगरीकडे खाणीत कामाला, पंधरवड्यातून एकदा येणारा. आणि सुलोचनाच्या पदराआडून एक डोळा माझ्याकडे बघत होता, तो रंजूचा. दोन वर्षांची, गालावर भाताचं शीत चिकटलेलं, पायांत चांदीचे वाळे. मी हात पुढे केला तशी तिनं तो डोळासुद्धा झाकून घेतला.

जेवायला भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि कोवळ्या बांबूच्या कोंबांची भाजी. त्या कोंबांना इथे वास्ते म्हणतात. भाजी मला इतकी आवडली की मी तीनदा मागून घेतली. सकाळी पुन्हा भात आला, दुपारी पुन्हा भात. तिसऱ्या वेळेला मी बिचकत विचारलं, "मामी, भाकरी?" मामींनी लगबगीनं तांदळाचीच भाकरी करून घातली.

दुसरा दिवस : बोडीपाशी

सकाळी मामींबरोबर बोडीवर गेले. आवाज लांबूनच ऐकू येत होता. पुस्तकात 'डराव डराव' लिहितात ते ज्यानं लिहिलं त्यानं एकटाच बेडूक ऐकला असावा. इथे शंभर बेडूक एकदम ओरडत होते आणि धुऱ्यावर उभं राहिलं तर तळपायाला कंप जाणवत होता.

आणि ते पिवळे होते! नुसते पिवळसर नव्हेत, पिकल्या लिंबासारखे पिवळेजर्द. एकेकाचं धड वीतभर, आणि ओरडताना गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्याशार पिशव्या फुगायच्या, लहान मुलांच्या फुग्यांसारख्या. मी वही उघडायचीही विसरले. मामी म्हणाल्या, "पाहा बाई, नवरदेव. हळद लागून राहिली त्याईले."

मामींचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. पिवळे होतात ते फक्त नर, तेही जोडीदारीण बोलावण्यापुरते. चार दिवसांनी हळद उतरते आणि ते पुन्हा मळकट हिरवे होतात. मादी आकारानं मोठी, पण रंग चिखलाचाच, आणि तिला अशी हाक मारता येत नाही. ती मुकाट्यानं येते, उथळ पाण्यात हजारोंनी अंडी घालते आणि निघून जाते. नरांची आपसात ढकलाढकली चालते. एकानं दुसऱ्याला मिठी मारून पाण्यात लोटलं, तिसऱ्यानं माझ्या रबरी चपलेलाच मिठी मारली आणि सोडेना. मामी धुऱ्यावर बसून पोट धरून हसल्या.

मामाही येऊन बसले. बेडकाबद्दल त्यांच्याइतकं माझ्या पुस्तकालाही ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "खेकडे धुरा पोखरतेत, अन् पाणी निंघून जाते. हा बेंडूक खेकडे खाते. उंदीर खाते, किडे खाते. आमचा रखवालदारच आहे तो." बेडूक पकडणारी माणसं पोती घेऊन हिंडत, तंगड्या म्हणे परदेशी जात. मामांनी त्यांना आपल्या धुऱ्यावर पाय ठेवू दिला नव्हता. उन्हाळ्यात बोडी आटली की हाच बेडूक चिखलात खोल शिरून, न खातापिता पावसाची वाट पाहत पडून राहतो. वैशाखात बोडी खणताना मामांच्या कुदळीखाली एकदा असा बेडूक आला होता. त्यांनी त्याला परत मातीत झाकून ठेवलं होतं.

एका बेडकाला मी उंदराचं पिल्लू गिळताना पाहिलं. त्याची जीभ आपल्यासारखी मागे नाही, पुढे जोडलेली असते, म्हणून ती झटकन बाहेर पडते. आणि गिळताना तो डोळे मिटतो ते चव घ्यायला नव्हे. डोळ्यांचे गोळे आत दबतात आणि घास खाली ढकलायला मदत करतात. हे मी दहा वर्षं शिकवत होते, पण प्रत्यक्ष त्या दिवशीच पाहिलं.

असं सगळं छान चाललेलं असताना पलीकडच्या बांधीतून मूल किंचाळलं. अगदी लहान मूल, कोणी चिमटा काढावा तसं. मी वही टाकून धावले. धुरा निसरडा होता. तीन पावलांवर माझा पाय सटकला आणि मी तोंडावर चिखलात पडले. उठून पुन्हा धावले. तिथे मूल नव्हतंच. एका लांबलचक दिवडानं, म्हणजे पाण्यातल्या बिनविषारी सापानं, बेडकाचा मागचा पाय पकडला होता आणि तो बेडूक तोंड उघडून तसं रडत होता.

रोवणा करणाऱ्या बायका हसून हसून वाकल्या. मी काठी शोधू लागले तर मामी ओरडल्या, "नोको बाई! सापाच्या तोंडचा घास काढू नये, पाप लागते. आमी तं वरतेबी पाहत नाई. असं रडणं आयकलं का समजाचं, बेंडूक आहे. मान खाली, हात कामाले."

"रोज रडतात?"

"दिवसातून चारदा. दरवेळी पाह्याले गेलं तं रोवणा कवा होईन?"

मी नुसती बघत राहिले. बेडकानं अंगात हवा भरून घेतली आणि तो चेंडूसारखा टम्म फुगला. सापानं बराच वेळ खटपट केली, पण घास तोंडात मावेना. शेवटी पकड ढिली झाली आणि बेडूक लंगडत पाण्यात गेला. एक गोष्ट मी तेव्हाच वहीत टिपून ठेवली. हे सगळं चाललं असताना पाच हातांवरचे बाकीचे पिवळे बेडूक ओरडतच होते. सापाचा आवाज नाही, पावलांची धमक नाही, त्यांना पत्ताच नव्हता. मी जवळ जायला लागले तेव्हा मात्र सगळे एकदम चूप.

त्या दिवशी संध्याकाळी मी डबक्यातून बेडकाची चाळीस पिल्लं बाटलीत भरून घरी आणली. सकाळी मोजली तर सत्तावीस. मी घरातल्या मांजरीवर आळ घेतला. मामा म्हणाले, "मांजर बाटलीत कशी शिरन, बाई?" मग माझी ट्यूब पेटली. बहुतेक बेडकांची पिल्लं शेवाळ खातात, पण या मोठ्या बेडकाची पिल्लं मांसाहारी, आणि दुसरं काही मिळालं नाही तर भावंडांवरच ताव मारतात. उरलेली सत्तावीस मी पळत जाऊन बोडीत सोडून आले. बाईंनी बाटलीत खानावळ उघडली, ही बातमी दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळली होती.

तिसरा दिवस : रोवणा

सुलोचना आणि दहा-बारा बायका ओळीनं वाकून रोवणा करत होत्या. डाव्या हातात रोपांची पेंडी, उजव्या हातानं दोन-दोन काड्या चिखलात खोचायच्या आणि एकेक पाऊल मागे सरायचं. मोहाच्या झाडाखाली गोधडीवर रंजू झोपली होती. एरवी तिच्यापाशी मामी बसत. जेवणाची वेळ झाली तशा मामी शिदोरी आणायला घरी गेल्या आणि सुलोचनानं बांधीतूनच हाक दिली, "बाई, पोट्टी झोपली आहे. जरासं ध्यान ठेवजा तिच्याकडं."

"तू काळजी करू नको," मी म्हटलं. हे माझे शब्द होते, ते मला चांगले आठवतात.

मी झाडापासून वीस पावलांवर, धुऱ्याच्या उतारावर बसले. समोर एक नर दोन्ही पिशव्या फुगवून ओरडत होता आणि मला ती निळी छटा काही केल्या जमत नव्हती. झाडाकडे माझी पाठ होती. पहिल्यांदा दोन-चारदा मी वळून पाहिलं. मग नाही पाहिलं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. डावीकडून, बोडीच्या अंगानं, रडणं ऐकू आलं. माझा हातसुद्धा थांबला नाही. उलट मला जरा ऐटच वाटली, की पाहा, काल धावत सुटले होते आणि आज मी इथल्यासारखी झाले. मी वहीच्या कडेला लिहिलं, 'पुन्हा दिवड.' बांधीतल्या एकाही बाईनं मान वर केली नाही. रडणं चालू होतं.

मग मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते लगेच कळेना. माझ्या समोरचा नर ओरडत होता, उजवीकडचे ओरडत होते, पण डावीकडे सगळं चिडीचूप होतं. काल साप पाच हातांवर असताना ते गप्प बसले नव्हते. ते गप्प बसतात माणसाच्या पावलाला.

मी मागे वळले. गोधडी रिकामी होती.

"रंजू!" असं मी कशी ओरडले मला माहीत नाही. बायका ताठ उभ्या राहिल्या. सुलोचनाच्या हातातली पेंडी पाण्यात पडली. आणि त्याच क्षणी ते रडणं थांबलं. मुलांनो, त्या शांततेत मी जेवढी घाबरले तेवढी जन्मात कधी घाबरले नाही.

मी धावले. बोडीच्या पाण्याला बांधीत उतरायला एक तोंड ठेवलेलं असतं, ते मामांनी सकाळी माती काढून मोकळं केलं होतं. वरून पडणाऱ्या पाण्यानं खाली खड्डा खणला गेला होता. रंजू त्या खड्ड्यात उभी होती. पाय चिखलात रुतलेले, एका मुठीत धुऱ्यावरचं गवत, आणि पाणी हनुवटीपर्यंत आलेलं. तोंडाशी पाणी आलं म्हणून ती रडायची थांबली होती. ओठ घट्ट मिटून, मान वर करून ती आभाळाकडे बघत होती.

मी खड्ड्यात उडी घेतली, तर मीच गुडघ्यापर्यंत रुतले. तिला काखेत धरून ओढलं, ती येईना. पलीकडून सुलोचना आली. दोघींनी मिळून उपसलं तशी रंजू एकदम सुटून आली, एक वाळा चिखलातच राहिला. सुलोचनानं तिला पालथी धरली. ती खोकली, गढूळ पाणी ओकली आणि मग तिनं असं भोकाड पसरलं की पार गावापर्यंत ऐकू गेलं असेल. मी तिथेच चिखलात बसकण मारली आणि हसायला लागले. हसू कसलं, रडूच होतं ते.

मामा धावत आले. पोर धड आहे हे पाहिल्यावर ते कपाळाला हात लावून धुऱ्यावर बसले. "चूक माही. तोंड मिनं मोकळं केलं अन् कोणाले सांगतलं नाई." शिदोरी घेऊन मामी आल्या, त्यांनी सगळं ऐकलं आणि त्या म्हणाल्या, "मी कायले गेली घरी?" रंजूला छातीशी धरून सुलोचना झाडाखाली बसून राहिली. आणि मी, जिची खरी चूक, मी मात्र काही कबूल केलं नाही. सगळे माझ्याकडे बघून म्हणत होते, बाईंनी पोट्टी वाचवली. ते ऐकताना जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं.

तिन्हीसांजेला सुलोचना चुलीपाशी होती. रंजू मामींच्या मांडीवर भात खात होती, जणू काही झालंच नाही. माझं ताट तसंच पडून होतं. वाचवल्याचं श्रेय घेऊन मी साताऱ्याला परत गेले असते, कोणाला कळलंही नसतं. पण ते पोटात ठेवून मला मुलांसमोर उभं राहता आलं नसतं.

"सुलोचना," मी म्हटलं, "मी ते रडणं आधीच ऐकलं होतं. बेडूक समजून मान वर केली नाही. आणि झाडाकडे पाठ करून बसले होते."

तिनं भाताचं झाकण काढलं, वाफ जाऊ दिली, पुन्हा झाकण ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मिनं बी आयकलं, बाई. मी तं माय होय तिची. हातातली पेंडी संपवत होतो."

मामींनी रंजूच्या तोंडात घास भरवला आणि त्या म्हणाल्या, "शिकवलं कोणं? मिनंच नं? मान खाली, हात कामाले म्हणून." त्यांनी रंजूच्या गालावरचं शीत पुसलं. "जाऊ द्या बाप्पा. पोट्टी जेवून राहिली. तुमीबी जेवा."

मी जेवले. पुन्हा भातच होता. दोनदा मागून घेतला.

चौथा दिवस : निघताना

सकाळी उठले तेव्हा अंग दुखत होतं, पण मन इतकं हलकं होतं की काही विचारू नका. बस दुपारची. मामा गोठ्यात बैलांना वैरण घालत होते, मामी माझ्यासाठी वास्त्यांची पुरचुंडी बांधत होत्या. रोवणा थांबत नसतो. बायका हाका मारायला लागल्या होत्या.

सुलोचनानं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, रंजूला कडेवरून उतरवलं आणि सरळ माझ्या मांडीवर आणून बसवलं.

"बंडी जुपेपर्यंत पोट्टी तुमच्यापाशी राहू द्या," ती म्हणाली. "मी बांधीत जातो."

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. माझी परीक्षा बघावी असं त्यात काही नव्हतं आणि माझी समजूत घालावी असंही नव्हतं. कामाची वेळ झाली होती, पोर कोणापाशी तरी ठेवायची होती. ती मागे वळूनही न बघता धुऱ्यावरून निघून गेली.

बोडीवर बेडूक ओरडत होते. आज हळद उतरायला लागली असणार आणि उतरत्या रंगाचं चित्र माझ्याकडे नव्हतं. मी जागची हलले नाही. वही पिशवीतच राहिली. रंजूनं माझा चष्मा ओढला, तो चाटून पाहिला, माझ्या नाकावर उलटा बसवला, आणि तशा उलट्या चष्म्यातूनही मी तिच्याकडेच बघत होते. ती उठली तर मी उठले, ती बसली तर मी बसले. शेवटी ती माझ्या मांडीवरच झोपली.

मामांनी बंडी जुंपली. मामींनी रंजूला घ्यायला दोन्ही हात पुढे केले, तरी तिला त्यांच्याकडे द्यायला मला जरा वेळ लागला.